निकाल वाचायचा की निकालावरची टिप्पणी?

आमच्या अंबड तालुक्यात 'निकाल' म्हटलं की आता फक्त दहावी-बारावी आठवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवरही 'पन्नास टक्के' आणि 'घटनादुरुस्ती' हे शब्द ऐकू येतात. मोबाईलवर वकिलांची विश्लेषणं येतात, लोक ती पुढे पाठवतात. मीही वाचायचो, आणि एकदा त्यातच फसलो.

कोर्सवर्कमध्ये माझा सेमिनार होता, विषय संदर्भांची पडताळणी. उदाहरण म्हणून मी मराठा आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ५ मे २०२१ चा निकाल घेतला. एका वकिलाच्या लेखातून मुद्दा उचलला: १०२ व्या घटनादुरुस्तीनंतरही मागासवर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकार कायम आहे, असं न्यायालय म्हणतं. गाईड सरांनी एकच विचारलं, "हे कोणत्या न्यायमूर्तींचं मत?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मूळ निकाल उघडला. पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ, आणि एकापेक्षा जास्त निकालपत्रं. ५० टक्क्यांची मर्यादा घालणाऱ्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाचा फेरविचार नको, आणि मर्यादा ओलांडून दिलेलं मराठा आरक्षण टिकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत. पण राज्याच्या अधिकाराच्या प्रश्नावर ३ विरुद्ध २. न्या. नागेश्वर राव, न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. रवींद्र भट यांच्या मते तो अधिकार राज्याकडे राहिलेला नव्हता. न्या. अशोक भूषण आणि न्या. अब्दुल नझीर यांच्या मते तो होता.

आता गंमत बघा. निकालात न्या. भूषण यांचं निकालपत्र आधी येतं. कोणी तेवढंच वाचून थांबलं, तर या एका प्रश्नावर अल्पमतालाच कायदा समजून बसेल. मी ज्याचा लेख वापरला त्यांनी उतारा खोटा दिला नव्हता, फक्त तो अल्पमतातला आहे हे सांगितलं नव्हतं. आणि थोडा विचार केला असता तर मला आधीच शंका यायला हवी होती. अधिकार शाबूतच असता, तर तो राज्यांना परत देण्यासाठी संसदेला ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी घटनादुरुस्ती कशाला करावी लागली असती? फेब्रुवारी २०२४ चा १० टक्क्यांचा राज्याचा कायदा त्यानंतरचा आहे.

विज्ञानाच्या मुलांना हे पटकन कळेल. टिप्पणी म्हणजे रिव्ह्यू पेपर, निकाल म्हणजे मूळ पेपर. रिव्ह्यू वाचायचा, पण आकडा मूळ पेपरमधून घ्यायचा. वकिलांच्या टिप्पणीचा उपयोग मोठा आहे: कोर्टात नेमका कशावर जोर दिला गेला, कोणता मुद्दा पुढे वापरला जाईल, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मात्र लिहिणारा त्याच खटल्यात एखाद्या पक्षाकडून उभा होता का, हे आधी बघा. बाजू असणं गुन्हा नाही, पण ती वाचणाऱ्याला माहीत हवी.

निकाल हातात घेतला की एवढं तपासा. तारीख कोणती, न्यायमूर्ती किती? प्रश्न कोणते होते? प्रत्येक प्रश्नावर बहुमत कुणाचं? उचललेलं वाक्य निर्णयाचा आधार आहे की जाता जाता केलेली टिप्पणी? आधार पुढच्या खटल्यांना बांधील असतो, जाता जाता केलेली टिप्पणी तशी नसते. आणि शेवटी, नंतर कायदा बदलला का?

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर फुकट वाचता येतात. शेकडो पानं बघून घाबरू नका, आधी शेवटचे निष्कर्ष वाचा, मग मागे या.

सेमिनार मी पुन्हा दिला. त्या वेळी सरांनी तोच प्रश्न विचारला नाही, पण उत्तर मात्र तयार होतं. आपल्या गावातल्या पोरांचे प्रवेश आणि नोकऱ्या ज्या कागदावर ठरतात, तो कागद निदान आपण तरी मुळातून वाचायला हवा.