गादी घेताय? आधी झोपून बघा!

तळेगावहून (श्यामजी पंत) नागपूर-अमरावतीला शिकायला निघालात, की सोबत घरची कापसाची गादी येतेच. वर्षभरात तिच्यात गोळे होतात, कंबर धरते आणि मोबाइलवर 'प्लश लेटेक्स हायब्रिड' खुणावू लागते. थांबा! हायब्रिड म्हणजे खाली स्प्रिंग, वर लेटेक्सचा, म्हणजे रबराचा थर. प्लश म्हणजे मऊ. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला ती सुखावते, पालथं झोपणाऱ्याची कंबर मात्र खाली जाते. शिवाय ती जड. रूम बदलताना उचलणार कोण? दुकानात दहा मिनिटं कुशीवर पडा, मित्राला मागून बघायला सांगा. कणा सरळ दिसला, तरच पैशांचा विचार करा. नाहीतर घरच्या गादीचा कापूस पिंजून घ्या, ऊन दाखवा. आपल्या कापसात अजून दम आहे, बॉस!