गळ्यातील ग्रंथीचे आरोग्य : आधी आयोडीन, मग सेलेनियम

जे जमिनीत असते ते धान्यात उतरते, आणि जे धान्यात उतरते ते माणसाच्या व जनावराच्या अंगी लागते. नत्र, स्फुरद व पालाश यांचे पिकाशी असलेले नाते शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाचे आहे. परंतु काही सूक्ष्म द्रव्ये अशी आहेत की, त्यांच्यावाचून पिकाचे अडत नसले तरी ते पीक खाणाऱ्याचे अडते. सेलेनियम हे त्यांपैकी एक होय. थायरॉईडच्या विकारावर गुणकारी म्हणून सेलेनियमच्या गोळ्या व चूर्णे बाजारात मिळू लागली आहेत. सेलू तालुक्यातील कुटुंबाने त्यांवर पैसा खर्च करावा काय, हे ठरविण्यापूर्वी या द्रव्याचे शरीरातील कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

ग्रंथीचे कार्य

गळ्याच्या पुढील बाजूस फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटु ग्रंथी किंवा थायरॉईड म्हणतात. अन्नातील आयोडीन घेऊन ती संप्रेरक तयार करते. शरीराची ऊब, हृदयाची गती, मुलांची वाढ आणि गर्भातील बालकाच्या मेंदूची घडण या संप्रेरकावर अवलंबून असते. आयोडीन अपुरे पडल्यास ग्रंथी अधिक श्रम करते व फुगते. यालाच गलगंड म्हणतात.

या ग्रंथीचे बहुतेक संप्रेरक आयोडीनचे चार अणू असलेल्या रूपात बाहेर पडते. त्यातील एक अणू निघाल्याखेरीज त्याचा पुरा प्रभाव पडत नाही. वेचलेला कापूस सरकी काढल्यावाचून सुतास येत नाही, तसाच हा प्रकार आहे. हा अणू काढणाऱ्या विकरात सेलेनियम असते, असे १९९० च्या सुमारास सिद्ध झाले. दुसरे असे की, संप्रेरक तयार करताना ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड हे दाहक द्रव्य उत्पन्न होते. त्याचा बंदोबस्त करून ग्रंथीचे रक्षण करणारी विकरेही सेलेनियमयुक्तच असतात. म्हणूनच वजनाच्या मानाने पाहता, शरीराच्या कोणत्याही अवयवापेक्षा या ग्रंथीत सेलेनियम अधिक असते.

कापूस नसता जिनिंग काय करील ?

तथापि, जिनिंगमध्ये कापूसच आला नाही तर सज्ज यंत्राचा उपयोग तो काय ? आयोडीन हा येथील कापूस होय. आफ्रिकेतील झाईर, म्हणजे आताचे काँगो, या देशाच्या ज्या भागात दोन्ही द्रव्यांची उणीव होती, तेथे १९९० च्या सुमारास लोकांना केवळ सेलेनियम देऊन पाहण्यात आले. त्यामुळे त्यांच्या रक्तातील संप्रेरक वाढण्याऐवजी घटले. आयोडीनची तूट भरून काढल्याशिवाय सेलेनियम देणे हितावह नाही, हाच यातील बोध आहे.

गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग, असा पूर्वी समज होता. कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने तो आटोक्यात येतो असे दिसून आले, आणि १९६२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. पुढील पाहण्यांत महाराष्ट्रातील तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातही हा रोग आढळला. सेलूच्या शेजारचा आजचा जालना जिल्हा १९८१ पर्यंत बहुतांशी त्याच जिल्ह्यात मोडत होता. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा मानून चालणार नाही.

उणीव आणि अतिरेक

प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने पन्नास वर्षांत माणसास जेमतेम एक ग्रॅम सेलेनियम लागते. चीनमधील केशान परगण्यात १९३५ मध्ये आढळलेला हृदयाचा रोग हा सेलेनियमच्या तुटीशी निगडित असल्याचे पुढे निष्पन्न झाले. याउलट पंजाबातील नवांशहर व होशियारपूर जिल्ह्यांच्या काही गावांत शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळामुळे जमिनीत सेलेनियम फार साचले. तेथे जनावरांची खुरे गळाली व माणसांचे केस आणि नखे झडली. उणीव व विषबाधा यांमधील अंतर इतके थोडे आहे.

फिनलंडने १९८४ मध्ये रासायनिक खतात सेलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला हे खरे. परंतु ते कार्य शासनाने माती व अन्न यांची सतत तपासणी ठेवून केले. एकट्या शेतकऱ्याने अंदाजाने करण्याचे ते काम नव्हे.

सेलूची जमीन

दुधना काठच्या काळ्या जमिनी बसाल्ट खडकापासून झालेल्या व चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू सामान्यतः सातच्या वर असतो. आम्लधर्मी व पाणथळ जमिनीत सेलेनियम मातीस घट्ट चिकटून बसते. उलट अशा जमिनीत जे काही सेलेनियम असेल ते पिकास सुलभतेने मिळते. मृद आरोग्य पत्रिकेत बारा बाबी नोंदल्या जातात. त्यांत सेलेनियम नाही. शिवाय पिकाच्या वाढीस ते आवश्यक असल्याचे सिद्ध झालेले नाही. यास्तव उत्पन्न वाढेल या आशेने ते शेतात घालू नये.

काय करावे ?

१. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. घरी पोहोचलेल्या मिठात प्रति किलो किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असे प्रमाण आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठातून प्रौढाची १५० मायक्रोग्रॅमची रोजची गरज भागते. याकरिता मीठ अधिक खाण्याचे कारण नाही. ते झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीच्या धगीपासून व उन्हापासून दूर ठेवावे.

२. ज्वारी-गव्हाची भाकरी-पोळी, तूर व हरभऱ्याची डाळ, दूध, आणि चालत असल्यास अंडी व मासे असा मिश्र आहार ठेवावा. सेलेनियम त्यातूनच मिळवावे.

३. गळ्यास फुगवटी, सततचा थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, अकारण वाढणारे वजन किंवा पाळीतील अनियमितपणा दिसल्यास सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मुळीच विलंब लावू नये.

४. थायरॉईडची गोळी चालू असल्यास ती उपाशीपोटी घ्यावी. सोयाबीनचे पदार्थ तिच्या वेळेपासून दूर ठेवावेत. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर राखावे. सेलेनियमसाठी ही गोळी कदापि बंद करू नये. ग्रंथीच्या विकारामुळे होणाऱ्या सौम्य नेत्रविकारासारख्या काही प्रसंगी डॉक्टर सेलेनियम देतात. तो निर्णय त्यांचाच असावा.

५. जनावरांना शिफारस केलेले खनिज मिश्रण द्यावे. सेलेनियमचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना टोचू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी मिठाची बरणी अवश्य पाहावी. खडे मीठ जनावरांसाठी आणलेले असते व तेच पुष्कळदा स्वयंपाकात पडते. ही एक सवय बदलली तरी कित्येक मातांचे व बालकांचे कल्याण होईल, आणि महागड्या चूर्णांवर जाणारा कष्टाचा पैसा घरातच राहील.