दसऱ्याला जाळं, दिवाळीला लंघन

मध्य न्यू जर्सीत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उलटला की पहिलं दहिवर कोणत्या पहाटे पडेल याचा नेम उरत नाही. परसातल्या तळ्याची आवराआवर त्याआधी सुरू व्हावी लागते. आमच्या घरात ती सणांवर बेतलेली आहे. दसऱ्याच्या सुमारास पाण्यावर जाळं चढतं, दिवाळीच्या सुमारास माशांचं खाणं बंद होतं. तिथी पुढेमागे होतात, म्हणून अखेरचा निर्णय पाण्यात तरंगणाऱ्या थर्मामीटरवर सोडायचा.

तळं लहानच आहे. अकरा फूट लांब, आठ फूट रुंद, तळाशी जाड रबरी अस्तर आणि मधोमध साडेतीन फुटांचा खड्डा. पाणी साधारण ६,००० लिटर. त्यात कोई आणि गोल्डफिश, कुंड्यांमध्ये वॉटर लिली आणि कमळ, काठाच्या दगडांत बेडूक. जानेवारीत या पाण्यावर बर्फ धरतो आणि थंडी टिकली तर आठवडेच्या आठवडे हटत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आता थंडीनं मासे मरणार. पण कोई आणि साधा गोल्डफिश थंडी सोसणारे मासे आहेत. त्यांचा घात होतो तो बर्फाखाली कुजणाऱ्या कचऱ्यानं. कुजताना तो पाण्यातला ऑक्सिजन खातो, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतो, आणि वर बर्फ असल्यामुळे त्या वायूंना बाहेर पडायला वाट नसते. म्हणून हिवाळ्याची तयारी म्हणजे तळ्यात काही घालणं नव्हे, कुजू शकेल ते वेळेवर बाहेर काढणं.

सुरुवात पानांपासून. आमच्याकडे ओक आणि मेपल आहेत. मेपलची पानं एकदम गळतात आणि आठ-दहा दिवसांत मोकळं करतात. ओक मात्र नोव्हेंबर सरेपर्यंत रोज थोडं थोडं टाकत राहतो, आणि त्याच्या पानांतल्या टॅनिननं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. जाळं ताणून, मध्ये थोडं उंच उचलून बांधावं लागतं. सैल बांधलं तर ओल्या पानांच्या भारानं ते पाण्याला टेकतं आणि पानं तिथेच भिजून कुजू लागतात. या जाळ्याचा आणखी एक उपयोग आहे. काठावरचा झाडोरा विरळ झाला की ग्रेट ब्लू हेरॉन हा मोठा बगळा पहाटे येऊन उभा राहतो. पाणी गार झाल्यामुळे मासे सुस्तावलेले असतात आणि त्याला शिकार सोपी जाते.

मग वनस्पती. पहिला मान जलपर्णीचा. पुण्यात मुळा-मुठेवर आणि कोल्हापुरात पंचगंगेवर जिचे हिरवे थर काढायला यंत्रं लावावी लागतात, तीच मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती इथल्या रोपवाटिकेतून दर वसंतात विकत आणावी लागते. उन्हाळाभर ती मुळांवाटे पाण्यातलं नको ते खत शोषते, तिच्या मुळांच्या झुबक्यांत पिल्लं लपतात. पण कडक दहिवरात तिची पानं लिबलिबीत होतात आणि सगळा लगदा तळाशी बसतो. म्हणून ती हिरवीगार, टवटवीत असतानाच उचलायची. हात जड होतो, तरी सगळी काढून कंपोस्टच्या ढिगावर टाकायची. जवळच्या ओढ्यात मात्र कधीच टाकायची नाही.

थंडी सोसणाऱ्या वॉटर लिलीची तऱ्हा वेगळी. दिवस लहान होऊ लागले की ती स्वतःच आवरतं घेते. नवी पानं छोटी येतात, फुलं थांबतात. तिला खताच्या गोळ्या देणं ऑगस्टनंतर बंद केलेलं असतं. पिवळी पडलेली पानं देठासकट कंदाजवळ कापायची, मधला लालसर कोंब तेवढा जपायचा. कुंडी उथळ पायरीवरून उचलून मधल्या खड्ड्यात ठेवायची. चिकणमातीनं भरलेली, पाणी प्यायलेली कुंडी एकट्याला उचलत नाही, त्यामुळे या कामाला दोघं लागतात. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले तरी बारा अंशांचं पाणी बोटांना कळतं. कंद बर्फाच्या पातळीखाली राहिला की त्याला दुसरं काही लागत नाही.

उष्ण प्रदेशातली निळी लिली हा हिवाळा बाहेर काढू शकत नाही. तिचा कंद मातीतून सोडवून, धुऊन, ओलसर वाळूच्या डब्यात बेसमेंटमध्ये जातो. तिथे बारा-तेरा अंश असले तर तो झोपून राहतो. त्याला पुन्हा पाणी दाखवायचं ते थेट मे-जूनमध्ये, तळं एकवीस अंशांवर गेल्यावर.

कमळाच्या बाबतीत घाई चालत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला कमळ चिखलात आपले जाडजूड कंद भरतं, ज्यांची आपण कमळकाकडी म्हणून भाजी करतो. पान पूर्ण तपकिरी होईपर्यंत त्यातलं सत्त्व खाली उतरत असतं, त्यामुळे हिरवं पान कापणं म्हणजे कंदाच्या तोंडचा घास काढणं. शिवाय कमळाचा देठ आतून पोकळ असतो. तो पाण्याखाली कापला तर पाणी नळीतून कंदापर्यंत पोचतं आणि कंद कुजण्याची भीती असते. म्हणून देठ वाळू द्यायचे, पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापायचे, आणि कुंडी खोल पाण्यात उतरवायची. कमळाला थंडी चालते, पण कंद गोठलेला चालत नाही.

तळाचा गाळ जाळीनं काढतो, पण खरवडून काढत नाही. त्यावर किंवा त्यात अर्धवट रुतून बेडूक हिवाळा काढतात, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कातडीतून घेत. बुलफ्रॉगची भैरीसुद्धा एखादा हिवाळा त्याच पाण्यात घालवते.

माशांचं खाणं हा सगळ्यांत अवघड भाग, कारण तिथे हाताला काम नसतं, मनाला असतं. पाणी पंधरा अंशांखाली आलं की प्रथिनांचं जड खाद्य बंद करून गव्हाच्या अंकुराचं, पचायला हलकं खाद्य थोडं थोडं द्यायचं. दहा अंशांखाली काहीच नाही. कोई आणि गोल्डफिश यांना आपल्यासारखं जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. गार पाण्यात त्यांचं पचन इतकं मंदावतं की अन्न पुढे सरकत नाही. शिवाय त्यांच्या विष्ठेतल्या आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करणारे फिल्टरमधले जिवाणूही थंडीत मंदावतात. म्हणजे खाल्लेलं आतही पचत नाही आणि बाहेरही जिरत नाही.

एका दिवाळीत सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मासे पायरव ऐकून काठाशी आले, तोंडं वर करून उघडझाप करू लागले. नदीच्या डोहात माशांना कणकेच्या गोळ्या घालत मोठ्या झालेल्या त्या. म्हणाल्या, “अगं, सणासुदीचे दिवस, मुक्या जीवांना उपाशी कशाला ठेवतेस?”

“आई, आत्ता घातलं तर खातील, पण पचणार नाही त्यांना. पोटात तसंच राहील.”

त्या थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. “मग हे लंघनच झालं की. अग्नी मंद झाला की आपणही तेच करतो.” त्यानंतर फराळाचं ताट घेऊन अंगणात येणाऱ्या मुलांना त्याच बजावत होत्या, “तळ्यात चकली टाकायची नाही हं.”

खाणं थांबल्यावर पंप. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. त्यामुळे बर्फाखाली, खड्ड्याच्या तळाशी, ४ अंशांच्या आसपासचं पाणी टिकतं, आणि मासे तिथेच एकमेकांजवळ स्तब्ध राहतात. धबधब्याचा पंप चालू राहिला तर तो तळाचं पाणी हिवाळी हवेत नेऊन गार करतो आणि पुन्हा खाली सोडतो, म्हणजे माशांचा निवाराच मोडतो. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास पंप काढायचा, पाइपातलं पाणी निथळू द्यायचं, आणि पंप बेसमेंटमध्ये पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायचा, म्हणजे त्याची रबरी सीलं वाळून चिरत नाहीत.

ऑक्सिजनच्या बाबतीत थंडी माशांच्या बाजूची असते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, शून्याजवळच्या पाण्यात १४ मिलिग्रॅमहून जास्त. आणि माशांना तेव्हा तो लागतोही कमी. गोल्डफिश तर याहून पुढे जातो. ऑक्सिजन संपत आला की तो शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे घडवणारं विकर कसं काम करतं ते ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं.

तरी वायूंना वाट हवीच. एक तरंगता हीटर बर्फात हातभर भोक उघडं ठेवतो. तो तळं तापवत नाही आणि तापवायचंही नसतं. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअरस्टोन) तळाशी न ठेवता फूट-दीड फूट खोलीवरच टांगायचा, नाहीतर त्याचे बुडबुडे पंपाचीच चूक करतात. वादळात वीज गेली आणि भोक मिटलं, तर उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवून ते उघडायचं. हातोडा कधीही मारायचा नाही, कारण बर्फाखालच्या बंदिस्त पाण्यात त्या घावाचा दणका थेट माशांना बसतो. वर साठलेला भुसभुशीत बर्फ मात्र अर्ध्या भागावरून झाडून काढायचा. उजेड आत गेला तर तळातलं शेवाळ आणि पाणवनस्पती थोडा ऑक्सिजन तयार करत राहतात.

कोईंचं माहेर असलेल्या जपानच्या निगाता भागात ही निवडच वेगळी आहे. तिथे हिमवृष्टी जबर असते, म्हणून उन्हाळाभर डोंगरातल्या मातीच्या तळ्यांत वाढवलेले मासे शरदातच जाळ्यांनी काढून छपराखालच्या हौदांत नेतात. आमच्यासारख्या हौशी माणसाकडे तेवढे हौद नसतात. आमच्याकडे असतो तो खड्डा आणि शरदात घेतलेली मेहनत.

या मेहनतीची परीक्षा जानेवारीत होत नाही, मार्च-एप्रिलमध्ये होते. पाणी पाच ते पंधरा अंशांमध्ये रेंगाळतं तेव्हा एरोमोनासासारखे रोगजंतू कामाला लागलेले असतात आणि माशांची प्रतिकारशक्ती अजून जागी व्हायची असते. अंगावर पुरेशी चरबी घेऊन, स्वच्छ पाण्यात झोपलेला मासा हे आठवडे निभावतो. घाणीत हिवाळा काढलेला मासा बर्फातून वाचतो आणि उन्हं वर आल्यावर मरतो. म्हणून परसात तळं खणायचं म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी आधी फुलांचे रंग सांगत नाही. आधी खड्डा तीन फुटांहून खोल घ्या आणि ओकच्या झाडापासून लांब घ्या, असं सांगते. बाकीचं सगळं दर शरदात हातांनी भरून काढता येतं, या दोन गोष्टी नंतर बदलता येत नाहीत.