वाळूत गाडून घेणारं गवत

तर ऐका, पोरांनो. नेदरलँड्स नावाचा देश आहे, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्याही खाली. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांची रांग, आणि ती वाळू धरून ठेवणारं एक दांडगं गवत. मॅरम त्याचं नाव.

या गवताचा स्वभाव मुलखावेगळा. वर्षाकाठी मीटरभर वाळू अंगावर पडली तरी बेटं त्यातून डोकं काढतं, नव्या थरात नवी मुळं सोडतं आणि हिरवंगार होतं. पण जरा आत, आडोशाला, जिथं वाळू यायची थांबते, तिथं ते विरळ होत जातं.

‘आजोबा, उलटं झालं ना हे? गाडल्यावर मरायला पाहिजे!’

अगदी बरोबर. तिथल्या व्हिम फान डर पुटेन या शास्त्रज्ञालाही हाच प्रश्न पडला. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी मॅरमच्या मुळांभोवतीची वाळू आणली, तिच्यावर गॅमा किरण सोडून आतलं सगळं जिवंत मारून टाकलं आणि त्यात रोपं लावली. ती जोमानं वाढली. न मारलेल्या वाळूतली मात्र खुरटली. म्हणजे खोडी करणारं कोणीतरी जिवंत होतं, आणि वाळूतच होतं.

त्या टोळीतला एक म्हणजे सूत्रकृमी. डाळिंबवाले, टोमॅटोवाले शेतकरी त्याला निमॅटोड म्हणतात आणि मुळांवर गाठी दिसल्या की कपाळाला हात लावतात. आपल्याला वाटतं, ही शेतातलीच पीडा. छे! रानातल्या, किनाऱ्यावरच्या झाडांनाही ती असते. मॅरमच्या मुळांत राहणाऱ्या गाठीवाल्या जातीला मेलॉयडोगायनी मॅरिटिमा म्हणतात.

या गाठीवाल्यांची रीत बघा. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर. मुळाच्या टोकापाशी आत शिरतं, पेशींच्या मधून वाट काढत गाभ्यापाशी पोचतं. तोंडातली पोकळ, टोकदार नळी चार-सहा पेशींत खुपसून आपला रस सोडतं, की त्या पेशींचं तंत्रच बिघडतं. आतली केंद्रकं दुप्पट, चौपट होत राहतात, पण पेशी काही दुभंगत नाही, नुसती फुगते. झाडाचं अन्न तिथं येऊन पडतं आणि आमची मादी घरजावयासारखी बसल्या जागी खाते. फुगून गोल होते, हलणं कायमचं बंद. शेवटी चिकट गोळ्यात शेकडो अंडी घालते.

आता कोडं उलगडतं का? वरून पडलेली ताजी वाळू किनाऱ्यावरून उडून आलेली, तिच्यात हे उपद्रवी जीव जवळजवळ नसतात. मॅरमची नवी मुळं तिच्यात पळून जातात. कृमी आणि बुरशा मागून येतातच, पण तोवर गवतानं एक हंगाम मारलेला असतो. वाळू थांबली की पळायला जागा उरत नाही.

सगळं खापर कृमींवर फोडायचं मात्र नाही हं. नुसते कृमी सोडून पाहिले तर गवताची इतकी वाताहत होत नाही. बुरशा जोडीला लागतात. शिवाय मुळांत वेगवेगळ्या कृमींचीही आपसात जुंपते, आणि या गाठीवाल्याची त्यात पीछेहाट होते.

मग मॅरम गेल्यावर टेकडी उघडी पडते? नाही. तिथं लाल फेस्क्यू नावाचं दुसरं गवत येतं. मॅरमला छळणाऱ्या वाळूतही त्याचं फारसं काही बिघडत नाही. 1993 साली फान डर पुटेननं ‘नेचर’मध्ये हेच मांडलं: किनाऱ्यावर कोणत्या गवतामागून कोणतं यायचं, हे ठरवण्यात मातीतल्या या रोगांचाही हात असतो.