मालवणच्या समुद्रातील मलप्याची नौका

बेळगाव-निपाणीच्या सीमाप्रश्नाची चर्चा निघाली, की तिच्यात कारवारचे नाव हटकून येते; कारवारच्या समुद्राचे मात्र येत नाही. घाट चढून बेळगावच्या बाजारात मासळी पोहोचते, ती पकडणाऱ्या खलाशाला किनाऱ्यावरील सीमारेषा दिसतही नाही.

‘सुवर्ण त्रिभुज’ ही कर्नाटकातील मलपे बंदराची नौका १३ डिसेंबर २०१८ रोजी सात मच्छीमारांसह निघाली. १५ डिसेंबरच्या रात्री तिचा संपर्क तुटला. नौदलाला तिचे अवशेष आढळले ते मे २०१९ मध्ये, मालवणपासून सुमारे ३३ किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी. सात घरे साडेचार महिने वाट पाहत राहिली. माणसे सापडली नाहीतच.

मोठे जहाज आपले नाव, स्थान व वेग स्वयंचलित यंत्राद्वारे अखंड कळवीत असते आणि बंदरातील वाहतूक-नियंत्रण कक्षाला ते पडद्यावर दिसते. लहान लाकडी नौका रडारवरही नीट उमटत नाही. किनारा थोडा मागे पडला, की भ्रमणध्वनी मुका होतो. उरतो तो बिनतारी संच. त्याच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाची हाक द्यावयाची; परंतु तिचा पल्लाही मर्यादित, आणि नौकाच उलटली तर हाक देणार कोण?

म्हणूनच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी आरंभिलेल्या योजनेचे आम्ही स्वागत करतो. तेरा किनारी राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले संदेशयंत्र टप्प्याटप्प्याने बसवावयाचे आहे. पण टप्पे प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने पाडले, तर मालवणसमोर एक नौका दिसेल आणि तिच्या शेजारची दिसणार नाही.

जमिनीवर दोन राज्यांचे कितीही वाजले, तरी मालवणच्या आणि कारवारच्या समुद्रातील हाक ऐकण्याचे काम मुंबईच्याच शोध व बचाव समन्वय केंद्राकडे आहे. त्या केंद्रात मराठीबरोबर कन्नड व तुळू जाणणारा माणूस रात्रपाळीलाही असावा. बुडणारा माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. उभय राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांनी नौकांच्या याद्या परस्परांना द्याव्यात. पावसाळी बंदी उठून नौका पाण्यात लोटल्या जाण्यापूर्वी एवढे तरी व्हावयास हवे.