विकत घेतलेल्या यंत्राचा धनी कोण?

ग्रामोफोन एकदां घरीं आला कीं विकणाऱ्याचा हात त्यावरून उठे. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचें तसें नाहीं. सोनी कंपनीनें २००६ सालीं ‘प्लेस्टेशन ३’ हें खेळांचें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां त्यावर लिनक्ससारखी निराळी कार्यप्रणाली चढविण्याची मुभा होती. खेळण्याचा चांगला संगणक होई. अमेरिकेच्या हवाई दलानें तर अशीं सतराशेंहून अधिक यंत्रें जोडून महासंगणक उभारला.

१ एप्रिल २०१० रोजीं इंटरनेटवरून धाडलेल्या ३.२१ क्रमांकाच्या सुधारणेनें ती सोय काढून घेतली. कारण सुरक्षिततेचें सांगण्यांत आलें. सुधारणा नाकारण्यास ग्राहक मोकळा होता. पण नाकारतांच प्लेस्टेशन नेटवर्कचें दार बंद, दूरच्या मित्रांशीं खेळणें बंद, आणि पुढें निघणारे नवे खेळही चालावयाचे नाहींत. ही कसली निवड? इकडे आड, तिकडे विहीर! घराची एक किल्ली विकणाऱ्यानें आपल्या कमरेलाच ठेवली होती, हें कित्येकांना त्या दिवशीं प्रथम उमगलें.

अमेरिकेंत ग्राहक न्यायालयांत गेले. तो वाद २०१८ सालीं ३७ लाख ५० हजार डॉलरांच्या तडजोडीनें मिटला. काढून घेतलेली सोय मात्र कंपनीनें परत दिली नाहीं.