अडगळ काढताना

जोगेश्वरीला पश्चिमेकडे उतरून स्वामी विवेकानंद रस्त्याने ओशिवऱ्याच्या दिशेने चालू लागले, की थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला फर्निचरची दुकाने लागतात. पलंग उभे करून ठेवलेले, खुर्च्या एकीवर एक चढवलेल्या, कपाटे भिंतीला पाठ लावून उभी, आणि मधल्या बोळांतून पॉलिशचा उग्र वास. काही माल कोरा करकरीत असतो. पण बराचसा कुणाच्या तरी घरातून, कचेरीतून नाहीतर हॉटेलातून निघालेला. हाच तो ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. मुंबईत नव्याने बिऱ्हाड थाटणारी मंडळी इथे येतात, तशी जुन्या घडणीची शिसवी खुर्ची हुडकणारी हौशी मंडळीही येतात. या बाजाराला आगीही लागल्या आहेत. २०२३ साली आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत इथली गोदामे जळाली. लाकूड, फोम आणि पॉलिश एकाच छपराखाली दाटीने ठेवले म्हणजे ठिणगीला आणखी काय हवे असते?

या बाजारात माल येतो तो आपल्या घरांतून. आणि अलीकडे तो फार वेगाने येऊ लागला आहे. जोगेश्वरीच्या पूर्वेला काय किंवा पश्चिमेला काय, जुन्या इमारती आणि चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. जागा सोडण्याची तारीख ठरते, आणि चाळीस वर्षांचा संसार घेऊन कुटुंबाला दोन भाड्याच्या खोल्यांत जायचे असते. माळ्यावरचे, पलंगाखालचे, गॅलरीतले सामान पहिल्यांदाच उजेडात येते. मग सुरू होते धांदल. कुणी भंगारवाल्याला हाक मारतो, कुणी गावाकडे टेम्पो पाठवतो, आणि उरलेले जिन्याखाली टाकून दिले जाते. हेच सामान दोन महिने आधी आणि योग्य माणसाच्या हाती गेले असते, तर त्यातून घरभाड्याची अनामत रक्कमसुद्धा काही अंशी सुटली असती.

शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याचा भाव पडतो, याचे कारण साधे आहे. तुमची तारीख घेणाऱ्याला ठाऊक असते. शिवाय इमारतीतल्या सगळ्याच घरांची तारीख एक असते, म्हणजे एकाच जिन्यावरून बारा कपाटे एकदम विकायला निघतात. व्यापारी निवांत उभा राहतो. तो घाई कशाला करील?

व्यापाऱ्याचा हिशोबही एकदा समजून घ्यावा, म्हणजे घासाघीस करताना आपला जीव उगाच वरखाली होत नाही. समजा, तुमचे कपाट पॉलिश करून दुकानात आठ हजारांना विकले जाईल असा त्याचा अंदाज आहे. त्यातून हमाली गेली, टेम्पो गेला, सुताराची मजुरी आणि पॉलिश गेले, गोदामात ते तीन महिने पडून राहिले तर त्या जागेचे भाडे गेले. वर त्याचा नफा. तुमच्या हाती अडीच हजार ठेवले तर त्याने तुम्हाला लुटले असे एकदम म्हणता येत नाही. मेघवाडी-माजासच्या बाजूला टेकडीवरच्या अरुंद वाटांतून तेच कपाट खाली आणायचे असले, तर हमालीच एवढी होते की भाव आणखी उतरतो. तेव्हा ओळखीपाळखीत, त्याच वस्तीत, वस्तू वापरणाराच गिऱ्हाईक मिळाला तर दोघांचाही फायदा. मधला सगळा खर्च वाचतो ना! शेजारी मुलाचे लग्न ठरले आहे, समोरच्या खोलीत नवी भाडेकरू जोडी आली आहे, अशा गोष्टी आपल्या बायकांना कुठल्याही दलालाच्या आधी कळतात.

लाकडाची पारख मात्र असावी. सागवानाची वस्तू जुनी झाली तरी तिचे लाकूड जुने होत नाही. ती उलगडून, रंधून पुन्हा नवी करता येते, म्हणून तिला भाव असतो. खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू आणि सांधे पाहावेत. पृष्ठभागावरचे रेषांचे नक्षीकाम कडेलाही तसेच पुढे गेले असेल तर लाकूड भरीव आहे. कडेला थर दिसले तर प्लायवूड. आणि भुश्याच्या दाबून केलेल्या फळ्यांचे, वर गुळगुळीत कागद चिकटवलेले सामान असेल, तर त्याची आशा सोडावी. मुंबईच्या दोन पावसाळ्यांत ते तळाशी फुगते, स्क्रू धरीत नाही, आणि जुन्या बाजारात त्याला कुणी हात लावीत नाही. घेताना सर्वांत दिमाखदार दिसणारे सामान काढताना सर्वांत निरुपयोगी ठरते, ही गंमत नवे फर्निचर घेणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे. लोखंडी कपाटाची गोष्ट वेगळी. जोगेश्वरीहून निघणाऱ्या जोडरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, विक्रोळीला, गोदरेजचा कारखाना. त्या नावाचे कपाट मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकले. तळ गंजलेला नसेल, दार घासत नसेल आणि दोन्ही किल्ल्या असतील तर ते कपाट म्हणून विकावे. किलोवर घालू नये.

कपाटाला लागू तेच भांड्यांनाही. घंगाळ, हंडा, कळशी, मोठी पातेली ही आपण 'मोडीच्या भावात' देऊन मोकळे होतो. मोड म्हणजे नुसते धातूचे वजन. तांब्याची मोड सर्वांत महाग, पितळेची त्याखालोखाल, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. लोखंड सर्वांत स्वस्त. पण चांगल्या घडणीचे, न चेपलेले घंगाळ आज लोक दिवाणखान्यात शोभेला ठेवतात, आणि त्याची किंमत मोडीहून बरीच जास्त येते. म्हणून आधी जुन्या भांड्यांच्या दुकानदाराला दाखवावे, मग मोडवाल्याला. वजन घरच्या काट्यावर आधी करून ठेवावे. व्यापाराच्या काट्याची सरकारकडून तपासणी होऊन त्यावर शिक्का लागतो. तो शिक्का पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो मागितला म्हणून कुणी रागावू नये.

आता बोहारीण. डोक्यावर टोपली, टोपलीत चकाकणारी स्टीलची भांडी, आणि दाराशी रंगणारा तो तासाभराचा सौदा. "ताई, या पातेल्यावर आणखी दोन साड्या द्या." "अगं, जरीची दिली की एक!" "जर काळी पडलीय, बघा ना." हा संवाद आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. या व्यवसायातल्या पुष्कळ स्त्रिया मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या. हा समाज स्वतःला देवीपूजक म्हणवतो. आपण दिलेला कपडा घरी जाऊन निवडला जातो. धड असलेला धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जातो आणि ज्याला नवा सदरा परवडत नाही तो तिथून घेतो. फाटके सुती कापड चिंधी म्हणून कारखान्यांत यंत्रे पुसायला जाते. जुने लोकरीचे कपडे हरियाणातल्या पानिपतला पोचतात; तिथे ते पिंजून त्यांचे सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणतात. म्हणजे त्या टोपलीमागे केवढी मोठी साखळी आहे, पाहा. तिने पातेल्यावर दोन साड्या जादा मागितल्या तर त्यात तिचे पोट आहे. घरोघरी तयार कपडे स्वस्त झाल्यापासून आणि इमारतींच्या फाटकाशी पहारेकरी बसल्यापासून या बायकांची दारावरची ये-जा कमी झाली आहे, ही गोष्ट मला तरी बरी वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. खऱ्या जरीची साडी भांड्यावर घालू नये. खरी जर म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. कापड विरले तरी चांदी विरत नाही. अशी साडी जर विकत घेणाऱ्या जाणकार दुकानदाराकडे न्यावी, त्याच्याकडून जर पारखून घ्यावी, आणि दोन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय देऊ नये. अलीकडच्या पुष्कळ साड्यांची जर मात्र प्लॅस्टिकची असते, तिच्याबद्दल आशा बाळगण्याचे कारण नाही. आणि मऊ झालेल्या सुती नऊवाऱ्या? त्यांची गोधडी करावी. ती अजून कुठल्याही दुकानातल्या रजईला हार जात नाही.

विकण्याबद्दल इतके पुरे. दानाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण दान म्हटले की आपण हिशोब सोडतो. जे आपल्याला टाकवत नाही आणि वापरवतही नाही, ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचे आणि पुण्य पदरात पाडून घ्यायचे, अशी एक रीत पडली आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून राहिले होते. तिथल्या लोकांना ते उपयोगाचे नव्हते. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने ते ढीग निवडण्याचे काम अंगावर घेतले. या संस्थेची पद्धत विचार करण्याजोगी आहे. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात त्यांना शहरातून आलेले कपडे आणि सामान मिळते. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. निरुपयोगी ठरलेल्या सुती कापडाच्या पाळीच्या दिवसांसाठी घड्या केल्या जातात. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तेव्हा देताना कपडे धुतलेले, गुंड्या लावलेले असावेत. चादरीला भोके असतील तर ती चिंधीत घालावी, दानात नको. संस्थेला आधी विचारावे, त्यांना काय हवे आहे. पुस्तकांचेही असेच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभे आहे, साताऱ्याकडे भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. पण कोणत्याही ग्रंथालयाला गेल्या दशकातल्या दहावीच्या मार्गदर्शिका देऊन त्याचे काही भले होत नाही. यादी करून विचारावी. उरलेले रद्दीत. रद्दीचे पुन्हा कागदच होतात, त्यात सरस्वतीचा अपमान मानण्याचे कारण नाही.

काही वस्तू मात्र ना विकाव्यात ना दान कराव्यात. जुनी औषधे, ट्यूबलाइट, ज्यात पारा असतो, आणि जुनी विजेची उपकरणे. बंद पडलेला मिक्सर, दूरदर्शन संच, मोबाइल, वायरींचे भेंडोळे आपण भंगारात घालतो. मग कुठेतरी नाल्याकाठी वायरी जाळून त्यांतले तांबे काढले जाते आणि तो धूर काढणाऱ्या पोराच्या छातीत जातो. २०२२ च्या नव्या नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे. कंपनीकडे चौकशी करावी, किंवा नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राला द्यावे. मुंबईत सुका कचरा निवडून त्यावर चरितार्थ चालवणाऱ्या बायकांसाठी स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास'चे काम चालवले आहे. आपण कोरडे आणि ओले वेगळे ठेवले तर त्या बायकांचे हात तरी कापत नाहीत.

फोनवरून जाहिरात देऊन सामान विकण्याची सोय आता झाली आहे आणि ती चांगली आहे. नुसते छायाचित्र टाकले की गिऱ्हाईक घरी येते. पण यातच फसवणूकही फार होते. समोरचा म्हणतो, "पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला." पैसे येण्यासाठी पिन कधीही लागत नाही, तो लागतो पैसे जाण्यासाठी. एवढे एकच वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ करून ठेवायला सांगावे. एकट्या आजींनी अनोळखी माणसाला वस्तू पाहायला घरात बोलावू नये; फाटकाशी, चारचौघांत व्यवहार करावा.

आणि आजींना विचारल्याशिवाय काहीच काढू नये. तरुण मुलांना ट्रंक म्हणजे गंजलेला डबा दिसतो. तिच्या मालकिणीला त्यात गिरणीच्या पगारावर घेतलेली पहिली वस्तू दिसते. भाड्याच्या घरात जागा नाही हे तिलाही कळते. तिला निवडू द्यावे. दहा वस्तूंपैकी दोन ती ठेवते, बाकीच्या आठ स्वतःच काढून देते. तिच्या नकळत आठवडाभरात घर रिकामे केले तर ती पुढची तीन वर्षे त्या दोन वस्तूंबद्दलच विचारीत राहते. कुणाला काय द्यायचे तेही तिला ठरवू द्यावे. पाटा-वरवंटा गावच्या भाचीला, शिलाईयंत्र खालच्या मजल्यावरच्या मुलीला, अशी नावे तिच्या मनात बहुधा आधीच असतात.

टेम्पो दाराशी लागल्यावर सगळ्यांची गडबड उडते. त्याआधीच्या रात्रीच प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागे हात घालून पाहावा. कपाटाच्या चोरकप्प्यात जुना शिधापत्रिकेचा कागद, विम्याची पावती, सोसायटीचा भागदाखला, कधी एखादे मंगळसूत्राचे पदकही निघते. पुनर्विकासाच्या करारासाठी नेमका तोच भागदाखला पुढे लागतो. कोटांचे खिसे, पुस्तकांची पाने, देवघराखालचा खण, फ्रेमच्या पाठीमागचा पुठ्ठा, हे सगळे तपासून झाले की मगच हमालाला कपाट उचलायला सांगावे.